वैरागडेंच्या गच्चीवर

वैरागडेंची मोनल कॅनडाला चालली
म्हणून गच्चीवर जेवण.
अजनीतला डिसेंबर, कोपऱ्यात कढई,
पुडाच्या वड्यांत ठासून भरलेला सांबार.
पुण्याहून आलेला कोणी विचारतो, वडीत सांबार कसा?
आम्ही हसतो. त्या हसण्यात मीही असते.

पण जिन्यावरून मी वर आले तेव्हा
अख्खी गच्ची सरळ होऊन बसली होती.

"वेलकम डोरीन मॅडम, प्लीज बी सीटेड,"
वैरागडे म्हणाले. हेच गृहस्थ काल सकाळी
ब्रश तोंडात ठेवून विचारत होते,
"काहून वो बाई, नळ आले काय तुमच्याकडं?"
आज नळ नाही.
आज क्लायमेट.

जो तो आपलं वाक्य आधी मनात शिवतो,
टाके तपासतो, मग माझ्यासमोर पसरतो.
एकाचा 'द' निसटला, त्यानं कान धरले.
मी काही मोजत नव्हते हो,
मी वडी खात होते.

मग मोनलला आणून समोर बसवलं.
"बोल मॅडमसोबत. इतकी वर्षं शेजारी,
काही त फायदा घे."
तिला साडेसात बँड आलेत.
मी बसले असते तर नापासही झाले असते.
आमच्या घरची इंग्रजी तशी
बापाच्या बनियनसारखी, कोळशाचा वास येणारी,
बाहेर घालून जायची नव्हेच.
तिच्यात आईनं मला झोडपलं,
तिच्यातच रेल्वेच्या दवाखान्यात
आल्फीनं शेवटचं पाणी मागितलं.
तुमची इंग्रजी विमानात बसवते.
माझी आता एखादं कुलकुल करपलं की
तोंडातून निघते,
आणि ऐकायला कोणी नाही म्हणून
तिथंच, शेगडीजवळ, विझते.

हे मोनलला सांगायचं
तर कोणत्या भाषेत, ते सुचेना.
म्हटलं, तिकडं थंडी फार बाई,
लोकरीचे मोजे घेऊन जा.
पोरीचा चेहरा उतरला.
मी मराठीत बोलून राहिली होती.

कठड्याशी वैरागडेंचे मामा, झिबलजी.
नरखेडला पॉइंट्समन होते, शाळा चौथीपर्यंत.
कानाला मफलर, ताट मांडीवर.
बराच वेळ माझ्याकडं बघून म्हणाले,
"तुमी त मेलविन डायवरच्या पोरगी!
डब्ल्यूपी चालवत जाय ना थे."
आणि दात नसलेल्या तोंडातून
एकामागून एक सुटत गेले:
डिस्टंट. होम. स्टार्टर. लाइन क्लिअर.
कॉशन ऑर्डर. व्हॅक्यूम.
वीस-तीस शब्द असतील, वाक्य एकही नाही.
पण 'होम' त्यांनी असा म्हटला
जसा डॅडी म्हणायचे, 'हो' लांबवून,
मधे थोडी खाकर.
होम म्हणजे तो सिग्नल
ज्याच्या बाहेर, गाव दिसत असूनही,
गाडी तासन्‌तास उभी राहू शकते.

मी खुर्ची ओढून घेतली.
"व्हॉट मॅन, झिबलजी, युवर राइस इज गेटिंग कोल्ड."
कळलं की नाही, कोण जाणे.
त्यांनी गोळाभातावर तेल ओतलं, बोट चाटलं.
"ऑल राइट," म्हणाले.

निघाले तेव्हा जिन्यातला बल्ब गेलेला.
फाटकापर्यंत चाचपडत आले,
आणि वरून, कठड्यावरून,
मोबाइलचा टॉर्च हलू लागला,
डावीकडून उजवीकडं, सावकाश, आडवा.
हिरवा नव्हता. हात मात्र तोच.

गल्लीच्या वळणावर मीही हात वर केला.
गच्चीवर अजून
क्लायमेट चालू होतं.